माझ्या अक्षरातली सूचना

माझ्या आईला लिफ्टमधून बाहेर काढण्यात आले, तेव्हा मी लिफ्टच्या दारापासून सहा पावलांवर उभी होते. अंतर मी नंतर मोजले. सहाच.

माझ्या हातात टाचण्यांची डबी होती. पाण्याची टाकी धुण्याबद्दलची सूचना मी फलकावर लावत होते. ‘रविवारी सकाळी टाकीची स्वच्छता होणार असल्याने सर्व सदनिकाधारकांनी आदल्या दिवशी आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे.’ तीन कोपरे लावून झाले होते. चौथी टाचणी बोटांत होती.

मागून सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज आला.

“ओ मावशी, बाहेर या. या बाहेर. भाजीवाल्यांसाठी जिना आहे.”

मी वळले. लिफ्टमध्ये माझी आई उभी होती. डोक्यावरचे टोपले तिने पायाशी ठेवले होते. टोपल्यावर ओले पोते. पोत्याचे पाणी लादीवर उतरून त्याचा एक लहानसा ओघळ दारापर्यंत आला होता. ती बटणांकडे बघत होती. चौथा मजला कोणता, हे शोधत असावी.

“चवथ्या माळ्यावर जायचं हाये भाऊ,” ती म्हणाली. “गुडघे धरून राहिले माहे.”

“मग खाली बसून विका. एवढा मोठा बोर्ड लावलाय. वाचता येत नाही?”

“नाई येत.”

तिने हे लाजून सांगितले नाही. येत नाही, म्हणून सांगितले.

आणि मग तिला मी दिसले. ती मला ‘बाई’ म्हणते. लहानपणापासून. तो शब्द तिच्या ओठांवर आलेला मी पाहिला. त्याच क्षणी सेक्रेटरी माझ्याकडे वळले.

“बघा मॅडम. तुम्ही एवढ्या स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, तरी ही गत. ह्या लोकांना कितीही सांगा.”

मी मान खाली घातली. डबीतल्या टाचण्यांकडे पाहिले.

मी केले ते एवढेच. एखाद्या माणसाला नाकारायला याहून जास्त काही करावे लागत नाही.

आईने ओठ मिटले. टोपले उचलले, चुंबळीवर बसवले. “चुकलं भाऊ,” म्हणाली. माझ्या अगदी जवळून गेली. तिच्या पदराचा काठ माझ्या मनगटाला लागला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. परक्या बाईजवळून जावे तशी गेली आणि जिना चढू लागली.

“या मॅडम.” सेक्रेटरींनी लिफ्टचे दार माझ्यासाठी धरून ठेवले.

मी आत गेले.

हे वाक्य लिहायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. मी आत गेले. लादीवरच्या पाण्यात माझा पाय पडू नये म्हणून सेक्रेटरींनी मला जरा बाजूला उभे राहायला सांगितले, आणि मी बाजूला उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावर ते उतरले. मी वर गेले. दाराचे कुलूप काढले आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खालून येणारी पावले ऐकत राहिले. प्रत्येक वळणावर ती थांबत होती. टोपले टेकल्याचा आवाज. मग श्वास. मग पुन्हा पावले.

खाली जाऊन टोपले घ्यावे, एवढे धैर्य मला झाले नाही. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरींचे दार उघडे होते.

*

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केले नाही. माणसांत बोलायला मला लहानपणापासून जड जाते. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहिणे, नोंदवही भरणे, कार्डे लावणे ही कामे मला आवडली, कारण त्यांत बोलावे लागत नाही. अक्षर मात्र चांगले आहे. चांगले म्हणजे, लोक थांबून बघतील इतके.

हे अक्षर मी भाजीच्या टोपल्यावर गिरवले.

भातकुलीकडे आमचे मळे. वडील होते तोवर वडिलांचे, आता भावाचे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. आई पहाटेची गाडी धरून अमरावतीला यायची आणि राजापेठेच्या गल्ल्यांतून दारोदार विकायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर असायची. मी चौथीत असताना एका पुठ्ठ्यावर ‘ताजी भाजी’ असे लिहून तिला दिले होते. ‘जी’ची वेलांटी मी लांब ओढून तिला शेवटी एक वळसा दिला होता, वेलाच्या टोकासारखा. आई तो पुठ्ठा टोपल्यात खोचून फिरायची. ओला झाला की मी नवा करून द्यायची. वाचता येत नसले तरी त्या दोन शब्दांचा आकार तिच्या डोळ्यांत पक्का बसला होता.

एका बंगल्यात पाणी मागितले होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाईंनी अंगणातल्या नळाकडे बोट केले. ज्या नळाने झाडांना पाणी घालत, तो. नळी काढून मी ओंजळीने प्यायले. नळात साचलेले पाणी गरम होते. मी काही बोलणार एवढ्यात आईने हात दाबला.

“चूप राय बाई. त्यायच्या घरी रोज याचं हाये आपल्याले.”

चूप राहायला मी तिथे शिकले. ती धंद्यासाठी चूप राहायची. मी पुढे कशासाठीही चूप राहू लागले.

शिक्षण झाले, नोकरी लागली. पंचवीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली. मग राजापेठेत, ज्या गल्ल्यांतून आईने टोपले फिरवले त्यांच्या जवळच, चौथ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आई भावाच्या ओळखीच्या जीपमधून आली होती, नवे पातळ नेसून. त्यानंतर मी तिला फारसे बोलावले नाही. मीच दर रविवारी गावी जायची. गाडीची गर्दी, तिचे वय, तिचे गुडघे, अशी कारणे मी स्वतःला देत असे. खरे कारण मला माहीत होते. आई जिन्यात मोठ्याने बोलते. चप्पल दाराबाहेर न काढता हातात घेऊन आत येते. भेटेल त्याला “कोन्त्या गावचे तुमी?” असे विचारते. मला भीती होती की ती कोणाला तरी सांगेल, ह्या गल्लीत मी भाजी विकली आहे म्हणून.

पाच वर्षांत ह्या इमारतीत मला कोणी चहाला बोलावले नव्हते. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. मीही कोणाला बोलावले नाही. सणावाराला शेजारच्या वहिनी ताट घेऊन येत. मी ताट घासून, त्यात साखर घालून परत देत असे. दारातल्या दारात. संध्याकाळी सर्व खिडक्यांतून कुकरच्या शिट्ट्या येत आणि मी त्या ऐकत एका माणसाचा भात लावीत असे.

मग एक दिवस सेक्रेटरींनी बेल वाजवली. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कोणाशी वाईट बोलत नाहीत. इमारतीसाठी खपतात, हेही खरे.

“मॅडम, तुमचं अक्षर पाहिलं कॉलेजच्या फलकावर. आमच्या सोसायटीच्या सूचना तुम्हीच लिहा बुवा. आमचं मराठी म्हणजे अगदीच हे आहे.”

मला किती आनंद झाला हे सांगायला आज लाज वाटते. मी नवे शाईपेन आणले. कागद आणले. गच्चीच्या गळतीचे काम कधी सुरू होणार, लिफ्ट दुरुस्तीसाठी किती दिवस बंद राहणार, सदनिकेच्या आतल्या नळाची गळती ही मालकाची जबाबदारी आणि बाहेरच्या पाइपची सोसायटीची, वाहने कोणी कुठे लावावीत. सर्व मी लिहिले. लोक फलकाशी थांबून वाचत. “मॅडमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं,” असे एकदा कोणी म्हणालेले मी जिन्यातून ऐकले आणि दोन दिवस त्या एका वाक्यावर जगले. सभांचे इतिवृत्तही मीच लिहू लागले. सभेत मी बोलत नसे. लिहीत असे. मला वाटले, मी आता यांच्यातली झाले.

त्या पावसाळ्यात लिफ्ट तीनदा बंद पडली. कारागीर आला, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला आणि लिहून देऊन गेला की टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचे पाणी भिंतीतून खड्ड्यात उतरते आहे, पाइप बदला. तो कागद सेक्रेटरींनी माझ्याकडे फायलीत लावायला दिला. मी लावला. वाचून लावला.

दोन आठवड्यांनी ते एक मजकूर घेऊन आले. मोबाइलवर कोणी तरी लिहिलेला. भाजीवाले आणि कामवाल्या बाया यांनी लिफ्ट वापरू नये, टोपल्यांच्या पाण्याने लिफ्ट बिघडते.

“हे जरा नीट मराठीत बसवा मॅडम. कडक वाटलं पाहिजे, पण वाईट दिसायला नको.”

कारागिराचा कागद माझ्याच फायलीत होता. लिफ्ट टोपल्यांनी बिघडत नाही हे मला ठाऊक होते. मी तो कागद काढून दाखवू शकले असते. दोन मिनिटांचे काम.

मी मजकूर सुधारला. ‘भाजीवाले’ खोडून ‘भाजीविक्रेते’ केले, कारण ते अधिक सभ्य वाटले. ‘कामवाल्या बाया’ऐवजी ‘घरकामासाठी येणाऱ्या भगिनी’ लिहिले. ‘वापरू नये’ऐवजी ‘जिन्याचा वापर करून सहकार्य करावे’. अपमान मी असा शुद्ध भाषेत बसवून दिला. सेक्रेटरींनी वाचला आणि म्हणाले, “वा! याला म्हणतात भाषा.”

त्या रात्री मला चांगली झोप लागली. हेही लिहून ठेवते.

*

आईला मीच बोलावले होते. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला. मी तिला गाडीतळावर घ्यायला जाणार होते. ती आधीची गाडी धरून आली, ऑटो केला आणि पत्ता विचारत इमारतीपर्यंत पोचली. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कसे यायचे, म्हणून टोपले. आणि भाजी न्यायची तर ती ओल्या पोत्याखालीच नेतात, पिशवीत कोंबत नाहीत. तिच्या हातांना दुसरी रीत ठाऊक नाही.

ती चौथ्या मजल्यावर पोचली. मी टोपले घेतले. पाणी दिले. ती खुर्चीवर न बसता जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. दोन्ही गुडघ्यांवर दोन हात.

मग ती म्हणाली, “थे खालतं बोर्डावरचं, तुहं अक्षर हाये ना व?”

मी तिच्याकडे पाहिले.

“भाजी लिहेल हाये त्याच्यात. मले दिसलं. तुह्या वेलांटीचा वळसा हाये थो. पुठ्ठ्यावर काढे तू.” ती थोडी हसली. खरेच हसली. “लय साजरं अक्षर हाये. सारे लोक पायत असतीन.”

मी हो म्हणाले.

“काय लिहेल हाये?”

मला खोटे बोलता आले असते. टाकी धुण्याची सूचना आहे, म्हणाले असते. तिने विश्वास ठेवला असता. खोटे का बोलले नाही, मला माहीत नाही. कदाचित तिचा श्वास अजून लागत होता म्हणून. मी पाठ म्हणावे तसे सांगितले. शब्दन्‌शब्द. माझेच वाक्य होते, मला पाठ होते.

“लिफ्टच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने भाजीविक्रेते व घरकामासाठी येणाऱ्या भगिनी यांनी जिन्याचा वापर करून सहकार्य करावे.”

तिला शब्द कळले नसावेत. तिने ते सरळ करून घेतले.

“म्हंजे मले त्याच्यात चढू देत नाईत.”

“हो.”

“अन् हे तुनं लिहलं.”

“हो.”

“काहून?”

मला चहाला कोणी बोलवत नाही, म्हणून. माझ्या अक्षराला कोणी वा म्हटले, म्हणून. हे मी तिला कोणत्या शब्दांत सांगणार होते? चाळीस वर्षांत मी इतके शब्द जमवले, त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

ती ओरडली नाही. रडली नाही. पदराच्या टोकाने कपाळ पुसले आणि म्हणाली, “त्या भाऊचं मले काई नाई वाटलं. असे लय पायले मी. तू खालतं पायलं, थे पायलं मी.”

मग उठली. टोपल्यातली भाजी ओट्यावर काढून ठेवली. मेथीच्या जुड्या, काटेरी वांगी, सांभार. पोते पिळून टोपल्यात घातले.

“माय, डॉक्टरकडे जायचं आहे,” मी म्हणाले. किती वर्षांनी त्या घरात मी ‘माय’ हा शब्द उच्चारला. इतरांसमोर मी ‘आई’ म्हणते.

“डाक्टर काय सांगन? जिना चढू नोको म्हणन.” ती चप्पल हातात घेऊन दारात उभी होती. “मंग मी तुह्या घरी कशी येऊ?”

ती जिन्यानेच उतरली. मी मागून उतरले. गाडीतळावर आम्ही गाडीची वाट पाहिली. गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून फक्त एवढे सांगितले, “मेथी आजच निवडून घेजो. पिवळी पडन.”

मी मेथी निवडली. निवडता निवडता पहिल्यांदा मला स्वतःचा राग आला. दुःख नव्हे. दुःख माझ्या सवयीचे आहे, त्यात मी आरामात बसू शकते. हा राग होता आणि तो मला बसू देईना. मी उठले, खाली गेले आणि फलकासमोर उभी राहिले. माझी वेलांटी. माझा वळसा. तिने आयुष्यभर ज्या शब्दावर विश्वास ठेवून टोपले डोक्यावर घेतले, तोच शब्द मी तिच्या तोंडावर दार म्हणून लावला होता.

कागद फाडावा असे वाटले. फाडला नाही. चोरासारखे फाडून पुन्हा वर जाऊन बसणार असेन, तर ते माझ्या जुन्याच स्वभावाला धरून झाले असते.

*

सभा पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे टेबल, टेबलाशी मी, समोर इतिवृत्ताची वही. टाकीची स्वच्छता झाली, याची नोंद. गच्चीचे काम लांबले, याची नोंद. बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्या मालकांनी खाली पाणी गळणार नाही याची जबाबदारी घ्यावी, यावर अर्धा तास. मग शेवटचा विषय. लिफ्टबाबतची सूचना आता कायमचा नियम म्हणून मंजूर करावी.

“सर्वानुमते मंजूर लिहा मॅडम,” सेक्रेटरी म्हणाले.

मी पेन खाली ठेवले. उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला असे मला वाटले.

“मला बोलायचं आहे.”

सर्वांनी पाहिले. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, “अरे, मॅडमले आवाज हाये!” थोडे हसू झाले. वाईट हसू नव्हते.

“पंधरा दिवसांपूर्वी लिफ्टमधून एका बाईंना उतरवलं,” मी म्हणाले. “टोपलं होतं त्यांच्याजवळ. त्या...” इथे माझी शुद्ध मराठी संपली. पुढचे वाक्य त्या मराठीत नव्हतेच. “थे माही माय होती.”

कुणाच्या तरी मोबाइलवर काही तरी वाजले आणि बंद झाले.

सेक्रेटरींचा चेहरा खरोखर उतरला. ते उभे राहिले, हात जोडले. “अहो मॅडम, मग त्याच वेळी सांगायचं ना! तुम्ही तिथंच होत्या. तुमची आई ती आमची आई. आम्हाला काय माहीत? त्यांच्यासाठी नियम थोडाच आहे!”

“नाही तर काय,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. “आईंना कोण अडवतंय? चौकीदाराला फोटो दाखवून ठेवा त्यांचा.”

माना हलल्या. सर्वांना सुटल्यासारखे वाटले. दार उघडून दिले गेले होते, एका माणसापुरते, आणि मी आत शिरून ते लावून घ्यावे अशी प्रेमळ अपेक्षा होती. कबूल करते, क्षणभर मला मोह झाला. ‘तुमची आई ती आमची आई’ हे वाक्य ऐकण्यासाठीच तर मी इतक्या सूचना लिहिल्या होत्या.

“माझ्या आईला सूट नको,” मी म्हणाले. “नियम काढा.”

“म्हणजे?”

“म्हणजे टोपलं घेऊन येणारी कोणतीही बाई लिफ्टनं वर जाईल. कामाला येणाऱ्या बायासुद्धा.”

“अन् पाणी? चिखल? लिफ्ट बंद पडली तर?” आता आवाज वेगळे होते.

मी फाइल उघडली. कारागिराचा कागद वाचला. ओव्हरफ्लो पाइप. भिंत. खड्डा. “हा कागद सूचना लिहिली त्याच्या आधीचा आहे. सोसायटीनं पाइप बदलला नाही. तो अजून तसाच आहे. टोपल्यांचा यात संबंध नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ती सूचना लिहिली. माझी चूक पहिली आहे.”

“मॅडम, तुम्ही हे वैयक्तिक घेऊन राहिल्या,” एक तरुण गृहस्थ म्हणाले. सज्जन आहेत, बँकेत आहेत. “प्रश्न स्वच्छतेचा आहे. जातीबितीचा, गरिबीचा नाही.”

“मग जड बॅगा घेऊन तुमचे पाहुणे जिन्यानं येतील का? पावसात भिजून आलेले?”

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिले आणि हात वर करायला सांगितले. नियमाच्या बाजूने हात वर झाले. नियमाच्या विरोधात माझा एक. शेजारच्या वहिनींचा हात जरा हलला. मी आशेने पाहिले. त्यांनी पदर सारखा केला.

“लिहा मॅडम. बहुमताने मंजूर.”

मी बसले. लिहिले. बहुमताने मंजूर. आणि त्याखाली, कोणी सांगितले नसताना, लिहिले: ‘विरोधात एक मत, सदनिका क्रमांक चारशे तीन. कारण: ज्या भाजी विकणाऱ्या बाईला लिफ्टमधून उतरवले, ती माझी आई आहे. ज्या सूचनेच्या आधारे उतरवले, ती मी लिहिली होती. ती खोटी होती.’

सेक्रेटरींनी वाकून वाचले. “हे इतिवृत्तात नको मॅडम. बरं नाही दिसत. खोडून टाका.”

“नाही.”

आयुष्यात मी कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हटल्याचे मला आठवत नाही. मी सही केली. वही त्यांच्या हातात दिली, पेनचे टोपण लावले. “यापुढे सूचना मी लिहिणार नाही,” एवढे बोलून जिन्याने वर गेले.

वर येऊन दार लावले. मला हलके वाटेल असे वाटले होते. वाटले नाही. घर होते तसेच शांत होते. ओट्यावर आईच्या टोपल्यातले शेवटचे वांगे सुकून पडले होते.

*

आता सूचना राजापेठेतल्या एका दुकानातून टाइप करून येतात. लिफ्टचा नियम प्लास्टिकमध्ये घालून लिफ्टच्या दाराशेजारी लावला आहे. माझी हस्तलिखित सूचना त्यांनी काढून टाकली. पाइप बदललेला नाही. मधल्या काळात लिफ्ट दोनदा बंद पडली.

कोणी माझ्याशी भांडत नाही. नमस्कार करतात. पण मी आले की जिन्यातले बोलणे थांबते. सणाचे ताट यंदा आले नाही. फलकाशी आता मला काही काम नाही. मी एकटी होते, तशीच एकटी आहे. फरक एवढाच, की पूर्वी मला वाटायचे, नीट वागले तर हे संपेल.

वलगावकडून एक भाजीवाली येते. तीही जिनाच चढते. एकदा मी तिचे टोपले एका बाजूने धरायला गेले. ती मागे सरकली. “राहू द्या मॅडम. तुमच्यापायी माहं गिराईक तुटन.” तिचे बरोबर आहे. तिला रोज यायचे आहे. मी तिची कोणी लागत नाही. एका हाताने टोपले धरले म्हणून चाळीस वर्षांचे अंतर भरून निघत नाही.

आई आलेली नाही. मी दर रविवारी जाते. ती मला वाफ्यात बसवते, शेंगा तोडायला लावते, भावाच्या मुलांच्या गोष्टी सांगते. सभेत काय झाले ते मी सांगितले. तिने ऐकून घेतले.

“नियम हाये ना अजून?”

“आहे.”

“मंग?” ती म्हणाली आणि पुढची शेंग तोडली.

तिने मला क्षमा केली की नाही, मी विचारले नाही. क्षमा मागून मोकळे व्हायचे नाही, हे मी ठरवले आहे. मोकळे होण्यासारखे अजून काही झालेले नाही.

गेल्या सभेत मी तोच ठराव पुन्हा मांडला. नियम रद्द करावा, पाइप बदलावा. पुन्हा एकच हात. पुढच्या सभेसाठी अर्ज दिला आहे. तोच मजकूर. तो फेटाळला तर त्यापुढच्या सभेत तोच. मी सदनिकेची मालक आहे. सभेला बसणे, बोलणे आणि माझा विरोध वहीत नोंदवून घेणे हा माझा हक्क आहे. मी फ्लॅट विकणार नाही. घर बदलून दुसरीकडे जा, असे कोणी सुचवले, तेही मी ऐकले नाही. ह्या गल्लीत माझी आई माझ्या आधी आली आहे.

नियम निघेपर्यंत मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. दिवसातून दोनदा, कधी तीनदा, चार मजले चढते आणि उतरते. माझेही गुडघे आता दुखू लागले आहेत. परवा दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ भेटले. मी वळणावर कठड्याला धरून श्वास घेत होते.

“काय हो मॅडम, लिफ्ट चालू आहे की. जिन्यानं कशाला?”

मी त्यांच्याकडे पाहिले. मान खाली घातली नाही.

“मी भाजीवालीची मुलगी आहे,” मी म्हणाले. “खाली बोर्ड लावलाय. वाचा.”